स्वस्त काडतुसांचा भरंवसा

दिवाळींत एखादा फटाका फुसका निघाला, तर मुलें हंसतात आणि दुसऱ्याची वात पेटवितात. पिस्तुलांतलें काडतूस फुसकें निघालें तर मात्र हंसण्याचें कारण उरत नाहीं. नेमबाजीच्या मैदानावर त्यानें खोळंबा होतो, आत्मसंरक्षणाच्या प्रसंगीं प्राणावर बेततें, आणि फुसक्या बाराचा एक प्रकार तर असा आहे कीं, त्यांत धोका समोरच्याला नसून पिस्तूल धरणाराच्या हातालाच असतो. असें असूनहि अमेरिकेंत हा माल साखर-तांदळासारखा घाऊक विकला जातो, आणि सूट मिळते म्हणून माणसें त्याची वर्षाची बेगमी करितात.

आपल्याकडील गृहस्थाला असा सौदा करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें बाळगतां येत नाहींत. परवाना असला तरी किती घ्यावयाचीं यास मर्यादा असते. आणि जगांत फार मोठ्या प्रमाणावर खपणारें ९ मिलिमीटरचें काडतूस सामान्य नागरिकास निषिद्ध वर्गांत मोडतें. अमेरिकेंतील रीत निराळी. तेथें १९६८ च्या केंद्रीय कायद्यानें २१ वर्षांखालील इसमास पिस्तुलाचीं काडतुसें विकण्याची दुकानदारास मनाई आहे. पण १९८६ च्या कायद्यानें तीं परप्रांतांतून घरपोंच मागविण्याची वाट मोकळी झाली. कांहीं राज्यांनीं अधिक कडक निर्बंध घातले आहेत, तो भाग वेगळा. ५० नगांचा एक खोका आणि अशा २० खोक्यांची, म्हणजे १,००० नगांची एक पेटी, हें तेथील घाऊक खरेदीचें नेहमींचें माप होय. ९ मिलिमीटरच्या अशा पेटीचें वजन सुमारें १२ किलो भरतें.

तरीहि या व्यवहारांतील मुख्य प्रश्न सर्वांच्याच ओळखीचा आहे. जी वस्तु वापरली कीं संपली, तिची परीक्षा घ्यावयाची कशी? आगपेटींतील प्रत्येक काडी ओढून पाहिली, तर काड्या चांगल्या होत्या एवढें कळेल खरें. पण चूल पेटवावयास एकहि उरणार नाहीं.

काडतुसाचीं अंगें चार: पितळेची नळकुंडी, तिच्या बुडाशीं बसविलेली ठिणगीची टोपी, आंतील दारू, आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. घोडा टोपीवर आपटला कीं ठिणगी पडते, दारू जळून वायु होतो, आणि तो गोळीला पुढें लोटतो. ९ मिलिमीटरच्या साध्या काडतुसांत दारू असते अवघी तिसऱ्या हिश्श्याइतकी ग्रॅम. पण अमेरिकन कारखानदारांच्या १९२६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें या काडतुसास ठरविलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब ३० पौंडांच्या आसपास असतो, यावरून कल्पना करावी. हा सर्व दाब तळहातापासून चार बोटांवर, पितळेच्या पातळ पत्र्याआड कोंडलेला असतो. म्हणून स्वस्ताई कोणत्या अंगांत केली आहे, हें पाहिल्याखेरीज सौद्याची किंमत ठरत नाहीं.

स्वस्ताईचीं कारणें कांहीं निर्दोष असतात. कारखान्याचा माल अधिक झाला, हंगाम मंद गेला, कीं दर उतरतात. २०२० व २०२१ सालीं याच्या उलट झालें होतें. अमेरिकेंत काडतुसांचा असा दुष्काळ पडला कीं दर दुपटी-तिपटीवर गेले, आणि जो तो पुढें मिळेल न मिळेल म्हणून पेट्या भरून ठेवूं लागला. तो पूर ओसरल्यावर त्या पेट्या पुन्हां बाजारांत येणें साहजिक आहे. दुसरें कारण पोलादी नळकुंडी. पितळेऐवजीं लाख किंवा तत्सम लेप दिलेलें पोलाद वापरलें कीं खर्च वांचतो. असा पुष्कळसा माल रशियाहून येत असे. २०२१ सालीं अमेरिकन सरकारनें त्याच्या आयातीस नवे परवाने नाकारण्याचें धोरण जाहीर केलें. पोलाद पितळेइतकें लवचीक नसल्यामुळें नळीच्या भिंतीशीं तें तितकें नीट चिकटत नाहीं व काजळी मागें येते. पण तेवढ्यावरून तो माल टाकाऊ ठरत नाहीं. तिसरा प्रकार वापरलेल्या नळकुंड्या पुन्हां भरून विकण्याचा. परवानाधारक कारखान्यानें हें काम यंत्रावर व तपासणीसह केलें असेल तर तें विश्वसनीय असूं शकतें. कोणा अपरिचितानें घरीं भरलेलीं काडतुसें मात्र फुकट मिळालीं तरी घेऊं नयेत. त्यांत किती दारू आहे हें तो आणि त्याचा देवच जाणे.

उरला जुना लष्करी माल, आणि येथें जरा थांबणें भाग आहे. कारण या मालाचा एक दोष प्रथम हिंदुस्थानांतच नजरेस आला. इंग्रजी अमदानींत पावसाळा लागला कीं लष्कराच्या हालचाली थंडावत, आणि काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवून देत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडून पाहतात तों अनेक नळकुंड्या तडकलेल्या! बाहेरून कोणी हात लावलेला नाहीं, गंज चढलेला नाहीं, तरी पितळेला उभ्या भेगा. दरवर्षी पावसाळ्यांत घडणारी गोष्ट म्हणून इंग्रजींत या दोषाला ऋतूचेंच नांव पडलें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया सुटतो. सुमारें ७० भाग तांबें आणि ३० भाग जस्त यांची ती पितळ, आणि नळकुंडी करतांना ती थंडच ओढलेली. त्यामुळें तिच्या अंगीं ताण राहून गेलेला. ताण व अमोनिया एकत्र आले कीं धातूच्या कणांमधील सांधे सुटत जातात. उपाय सोपा निघाला: ओढल्यानंतर नळकुंडीला बेताची आंच द्यावयाची, म्हणजे आंतला ताण उतरतो. याच कारणास्तव आजहि काडतुसें चकचकीत करण्यासाठीं अमोनियायुक्त द्रावण वापरूं नये असें जाणते सांगतात. ज्याला स्वस्त माल लखलखीत करून पाहुण्यांस दाखवावयाचा आहे, त्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

जुन्या मालाचा दुसरा दोष टोपींत असतो. पूर्वीं टोपीच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट घालीत. तें जळल्यावर नळींत जो क्षार उरतो, तो मिठाचाच भाऊबंद. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें, तसें या क्षारालाहि सुटतें, आणि नळी आंतून गंजते. तेल पुसल्यानें हा क्षार जात नाहीं, कारण तो तेलांत विरघळत नाहीं. नळी पाण्यानें धुऊन, कोरडी करून, मगच तेल द्यावें लागतें. त्याहून जुन्या मसाल्यांत पारा असे, आणि पाऱ्यानें पितळ ठिसूळ होते. १९२० नंतरच्या काळांत गंज न आणणाऱ्या शिशाच्या मसाल्याचा प्रसार झाला, पण लष्करी कारखान्यांनीं जुनी पद्धत पुढें बरीच वर्षें सोडली नाहीं. म्हणून जुना लष्करी माल घेणारानें टोपीची जात विचारल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

आतां परीक्षा. पहिली डोळ्यांची. तोंडाशीं किंवा कडेला भेग, हिरवा कळंक, नळकुंडींत आंत ढकलली गेलेली वा हातानें हलणारी गोळी, बुडापेक्षां वर आलेली टोपी. यांपैकीं एक खूण दिसली तरी तो नग बाजूला काढावा. बुडावरील कोरीव अक्षरांवरून माप ताडून घ्यावें, कारण ९ मिलिमीटर हें नांव एकाहून अधिक काडतुसांना आहे. रशियन पिस्तुलाच्या १८ मिलिमीटर लांब नळकुंडीच्या काडतुसाची गोळी, नेहमींच्या १९ मिलिमीटरच्या काडतुसाच्या गोळीहून किंचित् जाड असते. नांवाच्या सारखेपणानें फसण्यास एवढें पुरे. कांहीं जण तराजूवर एकेक नग तोलून दारूची खात्री करूं पाहतात. तो उद्योग बहुधा व्यर्थ होय. पितळ आणि गोळी यांच्याच वजनांत नगागणिक जो फरक पडतो, त्यांत दारूचा लहानसा कमीपणा लपून जातो.

खरी परीक्षा झाडून पाहण्याचीच, आणि येथें शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण अर्धीच उपयोगी पडते. शितावरून भात कळतो, कारण सगळा भात एकाच भांड्यांत, एकाच आंचेवर शिजलेला असतो. काडतुसांचें भांडें म्हणजे खोक्यावर छापलेला लॉटचा क्रमांक. एका क्रमांकाचा माल एका वेळीं, एकाच सामग्रीनें भरलेला असतो. पेटींतील खोक्यांवर निरनिराळे क्रमांक असतील, तर त्या निरनिराळ्या हंड्या समजाव्या. आणि सुटीं काडतुसें पिशवींत एकत्र करून विकणाराकडे तर हंडीचाच पत्ता नसतो.

शिवाय एका शितानें भागत नाहीं. एका लॉटमधून ठिकठिकाणचे २० नग झाडले व सर्व नीट गेले, तर शेंकडा ९५ भरंवशानें एवढेंच म्हणतां येतें कीं, फसण्याचें प्रमाण सातांत एकाहून अधिक नसावें. शंभरांत एकाहून कमी असें म्हणावयाचें असेल, तर ३०० नग एकहि न फसतां जावे लागतात. उलट बाजूनें पाहिलें तर शंभरांत एक नग खरोखरच वाईट असला, तरी ५० चा एखादा खोका निर्विघ्न पार पडण्याचा संभव शेंकडा ६० असतो. त्या एका खोक्यावर भाळून आणखी पांच पेट्या मागविणारा मनुष्य गणितांत कच्चा म्हटला पाहिजे.

नग फसला तर दोष कोणाचा हेंहि पाहावें. टोपीवरील खळगा उथळ असेल तर पिस्तुलाचा घोडाच दुबळा असूं शकतो. खळगा खोल असून बार उडाला नसेल तर संशय काडतुसावर जातो. मात्र चाप ओढल्याबरोबर बार झाला नाहीं म्हणून लगेच पिस्तूल उघडूं नये. ठिणगी कधीं कधीं रेंगाळते. नळीचें तोंड निशाणाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावें. याहून घातक प्रकार, ज्याचा उल्लेख आरंभीं आला, तो असा: दारू पडलीच नाहीं किंवा फार कमी पडली, तर नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत शिरते आणि मध्यें अडकून बसते. आवाज ‘फुस्’ असा येतो, धक्का जाणवत नाहीं. घाईनें दुसरा बार काढला कीं मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. आवाज विचित्र वाटला कीं हात थांबवावा, पिस्तूल रिकामें करावें, आणि नळी आरपार मोकळी आहे असें पाहिल्याशिवाय पुढचा बार काढूं नये.

यावरून स्वस्त पेटी घेऊंच नये असें ठरत नाहीं. सरावाला ती चालते. सरावांत एखादें काडतूस फसलें तर नेमबाजाला थांबून तपासण्याची संवयच लागते. आत्मसंरक्षणासाठीं ठेवावयाचीं थोडीं काडतुसें मात्र वेगळीं, नामांकित कारखान्याचीं आणि त्याच पिस्तुलांत तपासलेलीं असावीं. तेथें नगामागें चार पैसे वांचविणें म्हणजे कंदिलांत तेलाची काटकसर करून अंधाऱ्या विहिरीच्या कांठानें चालणें होय. घेतलेला माल थंड, कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा कुलपांत, मूळ खोक्यांतच ठेवावा, म्हणजे लॉटचा क्रमांक जवळ राहतो. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत महिनोन् महिने पडलेल्या पेटींतील दारू उष्णतेनें हळूहळू बिघडते. बाजूला काढलेले संशयित नग केरांत किंवा विस्तवांत टाकूं नयेत, घरीं खोलण्याच्याहि भानगडींत पडूं नये. ते परवानाधारक विक्रेत्याकडे अथवा पोलिसांकडे सोंपवावे.