फोर्कलिफ्ट का उलटते? सुरक्षितपणे कशी चालवायची आणि तिच्याजवळ कसं वावरायचं?

आज मोबाईल किंवा ॲपबद्दल नाही, एका मशीनबद्दल बोलूया. तुम्ही ऑनलाईन मागवलेला फ्रिज तुमच्या दारात येण्याआधी बहुतेक वेळा कुठल्यातरी गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टवर चढलेला-उतरलेला असतो.

मी एका दिवाळीच्या सीझनला भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगच्या कामाला होतो. तिसराच दिवस. एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हातात मोबाईल आणि नजर व्हॉट्सॲपवर. फोर्कलिफ्ट वळायला लागली, म्हणून मी रॅकला चिकटून उभा राहिलो. तिचा पुढचा भाग माझ्यापासून लांब गेला आणि मागचा भाग सरळ माझ्या अंगावर आला! ऑपरेटर काकांनी करकचून ब्रेक मारला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती. खाली उतरून ते एवढंच म्हणाले, "पोरा, तोंड काय बघतोस, हिची शेपूट बघत जा."

नंतर चहाच्या सुट्टीत त्यांनी मला जे समजावलं आणि पुढे मी जे वाचून काढलं, ते इथे सोप्या भाषेत सांगतो.

शेपूट का फिरते?

कारची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे ती डावीकडे वळली की मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर येतो. म्हणजे वळणाऱ्या फोर्कलिफ्टची 'बाहेरची' बाजू सगळ्यात धोक्याची, आणि मी नेमका तिथेच उभा होतो. शिवाय २ टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाच साधारण ३ टनांच्या वर भरते, म्हणजे तीन छोट्या कार एकत्र. ती "हळूच" लागली तरी हाड मोडतं.

फोर्कलिफ्ट उलटते कशी?

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा, जमेल. तीच हात लांब करून धरा, तोल जाईल. फोर्कलिफ्टचं गणित अगदी हेच आहे. पुढे माल, मागे लोखंडाचं वजन आणि मधे पुढची चाकं म्हणजे सी-सॉचा टेकू.

आता गंमत बघा. चाकं चार असली तरी मागचा ॲक्सल मध्यभागी एकाच ठिकाणी जोडलेला असतो. म्हणून गाडीचा तोल तीन बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि मागे तो जोड. यालाच स्थिरतेचा त्रिकोण म्हणतात. माल आणि गाडी यांचं मिळून वजन या त्रिकोणाच्या आत पडतंय तोवर सगळं ठीक. माल उंच ठेवून जोरात वळलात, खड्ड्यात चाक गेलं किंवा उतारावर आडवी गाडी घातली, की ते वजन बाहेर जातं आणि गाडी आडवी होते.

प्लेट नक्की वाचा

प्रत्येक फोर्कलिफ्टवर क्षमतेची एक प्लेट असते. त्यावर "२००० किलो, ५०० मिमी" असं काही लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिमीवर असेल तरच २००० किलो. खोका लांबलचक असेल आणि त्याचा मध्य ७०० मिमीवर जात असेल, तर तीच गाडी तेवढं वजन उचलू शकत नाही. उंची वाढली की क्षमता आणखी कमी होऊ शकते. "दोन टनाची गाडी आहे, उचलेल की!" असं म्हणणारे इथेच फसतात.

चालवताना लक्षात ठेवा

१. कारचं लायसन्स आहे म्हणून फोर्कलिफ्टवर बसू नका. आधी ट्रेनिंग आणि कंपनीची परवानगी.
२. शिफ्ट सुरू होताना ब्रेक, हॉर्न, टायर, चेन, फोर्कला तडा आणि तेलाची गळती तपासा.
३. सीटबेल्ट लावा, दहा फूट जायचं असलं तरी.
४. फोर्क जमिनीपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर ठेवा आणि मास्ट थोडा मागे झुकवा.
५. मालामुळे समोरचं दिसत नसेल तर मागे बघत रिव्हर्समध्ये चालवा.
६. रॅम्पवर भरलेली गाडी असेल तर माल कायम चढाच्या बाजूला. चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स.
७. उतरण्याआधी फोर्क जमिनीला टेकवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, चावी काढा.

पायी असाल तर

उचललेल्या फोर्कखालून कधीही जाऊ नका. बल्ब बदलायला किंवा वरचा खोका काढायला फोर्कवर उभं राहू नका. समोरून जायचं असेल तर आधी ऑपरेटरशी नजरानजर होऊ द्या, त्याने हात केला की मगच पाऊल टाका. आणि मोबाईल खिशात! इअरफोन कानात असेल तर हॉर्नही ऐकू येत नाही.

गाडी उलटायला लागली तर?

सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपल्याला वाटतं उडी मारावी. पण बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारली की माणूस ज्या बाजूला पडतो, त्याच बाजूला गाडी पडते आणि डोक्यावरचं लोखंडी छत अंगावर येतं. म्हणून आतच बसा, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुका. सीटबेल्ट यासाठीच असतो.

नवीन टेक्नॉलॉजी वाचवते का?

मदत नक्की करते. काही गाड्यांमध्ये सीटबेल्ट लावल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, काहींमध्ये पिन टाकल्याशिवाय सुरू होत नाही, तर काहींचा निळा दिवा गाडीच्या आधी जमिनीवर दिसतो. पण तो निळा ठिपका दिसायला नजर जमिनीवर हवी, स्क्रीनवर नाही. मी त्या दिवशी स्क्रीनवर होतो.

तुमचा एखादा मित्र किंवा भाऊ गोडाऊनमध्ये, एमआयडीसीत कामाला असेल तर बाकी काही नाही तरी त्याला दोन गोष्टी आजच सांगा: शेपटीपासून लांब राहा आणि गाडी उलटली तर उडी मारू नको.