घरावरील सौरवीज : खर्च आणि बचत यांचा हिशेब

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाडी हे गाव लागते. मालमोटारींची वर्दळ, रस्त्यालगतची गोदामे आणि जवळच असलेला अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना यांमुळे गाव वाढत गेले व आता तेथे नगरपरिषद आहे. तथापि या भागात व आसपासच्या खेड्यांत स्लॅबची, टिनाची आणि कवेलूची घरे आजही शेजारी शेजारी उभी आहेत. अलीकडे त्यांपैकी काही घरांवर सौर पॅनेलच्या निळसर काळ्या ओळी दिसू लागल्या आहेत. ज्यांच्या घरावर त्या नाहीत, त्यांच्या दारी विक्रेता येऊन "वीजबिल शून्य होईल" असे सांगून जातो. घरधनी विचारात पडतो आणि संध्याकाळी शाळेच्या शिक्षकाला गाठून विचारतो, "गुरुजी, घ्यावे का?"

या प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. ते उत्तर विक्रेत्याच्या पत्रकात नसून त्या घराच्या वीजबिलात असते. बिल वाचून हिशेब मांडता आला, तर गरीब कुटुंब नको त्या कर्जातून वाचते आणि ज्याचा खरोखर लाभ होणार आहे त्याची भीतीही दूर होते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

वीज कशी निर्माण होते?

सौर पॅनेल हे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे बनलेले असते. त्यांवर प्रकाश पडला म्हणजे विजेचा प्रवाह सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा असा घट प्रथम लोकांपुढे मांडला, तेव्हा पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के भागाचीच वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक भागाची वीज करतात. ही वीज एकदिश असते. इन्व्हर्टर नावाचे यंत्र तिचे घरच्या उपकरणांना चालेल अशा प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करते. घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री तारेतून वीज घरात येते. या देवघेवीची नोंद नेट मीटर ठेवतो.

१ किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. वर्षाची सरासरी काढली असता असा संच दिवसाला सुमारे ४, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. ही सरासरी आहे, हे विसरू नये. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की उत्पादन बरेच घटते. नागपूरकडील वैशाखाचे ऊन तर सर्वपरिचित आहे. परंतु पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर जसजसे चढते, तसतसे प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. मे महिन्यात तापलेल्या छपरावर पॅनेल ६५ अंशांपर्यंत गेले, तर १२ ते १६ टक्के वीज उष्णतेपायीच गमावली जाते. म्हणून छप्पर व पॅनेल यांमध्ये हवा खेळती राहील इतके अंतर असावे.

खर्च आणि शासनाचे साहाय्य

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये "पीएम सूर्यघर मोफत वीज योजना" सुरू केली. एक कोटी घरांसाठी आखलेल्या या योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविण्यात आली. तीनुसार १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटच्या संचास ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरले. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्य शासनानेही २०२५ मध्ये "स्मार्ट" या नावाची पूरक अनुदानाची योजना आणली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुदान आधी मिळत नाही. संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यानंतर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोवरची पूर्ण रक्कम स्वतःच्या पैशाने किंवा कर्जाने उभी करावी लागते. शिवाय अनुदानासाठी पॅनेले भारतात बनलेली असावी लागतात आणि विक्रेता योजनेत नोंदणी झालेला असावा लागतो.

तीन उदाहरणे

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. २०२४-२५ या वर्षी महावितरणच्या घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांसाठी वहन आकारासह युनिटमागे ५ रुपये ८८ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांसाठी ११ रुपये ४६ पैसे पडत असत. त्यावर १६ टक्के वीजशुल्क होते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून हिशेब करताना चालू बिलावरील दर घ्यावेत. संचांच्या पुढील किमती केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत.

पहिले उदाहरण : एका कुटुंबास दरमहा सरासरी २०० युनिट लागतात. पहिल्या शंभराचे ५८८ व पुढील शंभराचे १,१४६ मिळून १,७३४ रुपये आणि शुल्कासह सुमारे २,०११ रुपये होतात. २ किलोवॅटचा संच १,३०,००० रुपयांस पडला आणि ६०,००० रुपये अनुदान मिळाले, तर स्वतःचे ७०,००० रुपये गुंततात. वर्षाची बचत सुमारे २४,००० रुपये. त्यातून धुण्यापुसण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे १,००० रुपये वजा केले तरी तीन वर्षांच्या सुमारास खर्च भरून निघतो.

दुसरे उदाहरण : दोन खोल्यांच्या घरात दरमहा ८० युनिट लागतात. त्यांचे शुल्कासह सुमारे ५४६ रुपये होतात. १ किलोवॅटचा संच ७०,००० रुपयांस धरला, तर ३०,००० रुपये अनुदान वजा जाता ४०,००० रुपये उरतात. देखभाल वजा करून वर्षाची बचत साडेपाच हजारांच्या आसपास होते व खर्च निघण्यास सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. संचाचा प्रकार तोच, ऊनही तेच. परंतु पहिल्या कुटुंबाची महाग टप्प्यातील वीज वाचते आणि दुसऱ्याची स्वस्त टप्प्यातील वाचते. फरक पडतो तो यामुळे.

तिसरे उदाहरण : हेच ८० युनिटांचे कुटुंब विक्रेत्याच्या आग्रहावरून ३ किलोवॅटचा संच घेते. किंमत १,९०,००० रुपये धरली, तर ७८,००० रुपये अनुदान वजा जाता १,१२,००० रुपये उरतात. ही रक्कम ७ टक्के व्याजाने १० वर्षांच्या कर्जावर घेतली, तर मासिक हप्ता सुमारे १,३०० रुपये येतो. वाचणारे बिल मात्र ५४६ रुपयांचेच राहते. उरलेल्या युनिटांचे काही पैसे वर्षअखेर मिळतात, परंतु तो दर घरगुती दराहून कमी असतो. दर महिन्याचा हप्ता मात्र खिशातूनच द्यावा लागतो. याच अटींवर दुसऱ्या उदाहरणातील ४०,००० रुपयांचा हप्ता ४६४ रुपये पडतो, म्हणजे वाचलेल्या बिलातूनच तो फिटतो. संच केवढा घ्यावा याचे सूत्र यातच आहे.

२५ वर्षांचा विचार केला, आणि मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलण्यासाठी वीस-पंचवीस हजार रुपये राखून ठेवले, तर रोखीने घेतलेल्या संचात पहिल्या कुटुंबाची निव्वळ बचत सुमारे पावणेपाच लाख रुपये व दुसऱ्याची सुमारे पाऊण लाख रुपये होते. दर वाढले तर ती वाढेल, उतरले तर कमी होईल.

विक्रेता जे सांगत नाही

(१) बिल पूर्णपणे शून्य होत नाही. स्थिर आकार व त्यावरील शुल्क चालूच राहते.

(२) बॅटरी नसलेला सर्वसाधारण संच तारेतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. भर दुपारी वीज गेली तर छपरावर पॅनेल असूनही पंखा फिरणार नाही. बॅटरी घ्यावयाची तर खर्च बराच वाढतो आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते.

(३) शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्च रोजी मिटविला जातो. म्हणजे हिवाळ्यात साठलेली युनिटे एप्रिल-मेच्या कूलरसाठी पुढे नेता येत नाहीत. साधारण २०० वॉटचा कूलर दिवसाला १० तास चालला, तर महिन्याला ६० युनिट घेतो. म्हणून एका महिन्याचे बिल पाहून संच ठरवू नये. बाराही महिन्यांची बिले समोर ठेवावीत.

(४) सावली हा मोठा शत्रू आहे. कडुनिंबाची फांदी किंवा पाण्याची टाकी यांची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्या ओळीतील इतर पॅनेलचे उत्पादन घटू शकते. नागपूरच्या अक्षांशानुसार पॅनेलचे तोंड दक्षिणेस व उतार सुमारे २१ अंशांचा असावा.

(५) वाडीसारख्या रहदारीच्या गावी पॅनेलवर धूळ लवकर साचते. सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने व मऊ कापडाने ती धुवावी. वळवाच्या वादळात सांगाडा उखडू नये इतका तो पक्का असावा. कवेलूच्या किंवा जुन्या टिनाच्या छपरास हा भार पेलेल की नाही, हे आधी जाणकारास दाखवावे.

(६) पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. योजनेतील विक्रेत्यावर पहिल्या ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. ही दोन्ही आश्वासने लेखी घ्यावीत.

शाळेत काय करता येईल?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे छोटे गाव आहे. २०२४ मध्ये ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. सगळे गाव एका विचाराने उभे राहिले म्हणजे काय होते, हे त्यावरून दिसते. परंतु सर्वांचा विचार जुळण्यापूर्वी प्रत्येक घराला आपला हिशेब कळला पाहिजे, आणि हिशेब शिकविणे हे तर शाळेचेच काम आहे.

इयत्ता पाचवीपासून पुढील विद्यार्थ्यांना घरचे जुने वीजबिल आणावयास सांगावे. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट, ही व्याख्या फळ्यावर लिहावी. ७५ वॉटचा पंखा १० तास चालला तर किती युनिट होतील, हे मुलांकडून काढून घ्यावे. नंतर बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज व सरासरी काढावी, टप्प्याटप्प्याने आकार मोजावा आणि शेवटी वरील तीन उदाहरणांप्रमाणे आपल्या घराचा हिशेब मांडावयास लावावा. सरासरी, शेकडेवारी आणि व्याज हे तिन्ही पाठ त्यात येतात. ज्याच्या घरी बिल नाही किंवा मीटर नाही, अशा मुलाला इतरांसमोर कमीपणा वाटणार नाही याची दक्षता शिक्षकाने घ्यावी. त्याला एखादे कल्पित बिल लिहून द्यावे.

मुलाने वहीत मांडलेला हिशेब संध्याकाळी घरी वाचला जातो. पुढच्या खेपेस विक्रेता दारी येईल, तेव्हा घरधनी त्याला प्रथम विचारील, "आमच्या बाराही महिन्यांची बिले पाहिलीत का?" हा प्रश्न विचारता आला, की घ्यावे की न घ्यावे हे ठरविण्यास ते कुटुंब समर्थ झाले असे समजावे.