पायी चालणारे अण्णा

मी रत्नागिरीकर. समाजाच्या कामात पडलेला एखादा तरुण कंटाळून ‘किती दिवस धीर धरायचा हो?’ असे विचारतो, तेव्हा मी त्याला आमच्या जिल्ह्यातल्या मुरूडच्या अण्णांची, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांची हकिगत सांगतो.

सतराव्या वर्षी अण्णा परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला निघाले. शंभराहून अधिक मैल, वाटेत सह्याद्री, आणि सगळा प्रवास पायी. तिथे पोचल्यावर ‘तू फारच लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! आले तसे परतले, आणि पुन्हा अभ्यासाला लागले.

हाच चिवटपणा पुढे कामी आला. 1893 साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. ज्या गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला होता, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. घरात घ्यावे, तर आई-भावांवरही बहिष्कार. अण्णांनी ना शिव्याशाप दिले, ना गावाशी नाते तोडले.

1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला. पण विधवा लेकीला तिथे पाठवायचे कोणाच्या भरवशावर? आश्रम शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाह जुळवण्यासाठी नाही, असा शब्द अण्णांनी पालकांना दिला. तो पाळता यावा म्हणून पुनर्विवाहाच्या मंडळीचे काम स्वतः सोडले. सुधारकांनी त्यांना भित्रे म्हटले. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केले, त्याला हे ऐकून घ्यावे लागले! पण लोकांनी मुली सोपवल्या होत्या त्या या शब्दावर. त्याचा जाब द्यायचा तो आधी त्या घरांना, टीकाकारांना नंतर.

1900 साली आश्रम हिंगण्याला एका झोपडीत गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाले की संध्याकाळी सामानसुमान घेऊन अण्णा पायी हिंगण्याला जात. पुढे 1907 साली महिला विद्यालय आणि 1916 साली महिला विद्यापीठ झाले. म्हणजे आश्रमापासून विद्यापीठापर्यंत वीस वर्षे लागली! 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी ते पुन्हा दारोदार वर्गणी मागत हिंडले. 1944 साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. ‘भारतरत्न’ मिळाले ते 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी.

ऐकणारा म्हणतो, ‘ते महर्षी होते, आम्ही साधी माणसे.’ खरे आहे. पण परीक्षेला न बसता परतलेला तो मुलगा कुठे महर्षी होता? धीर म्हणजे हात जोडून वाट पाहणे नव्हे. आज कोणाला काय शब्द दिला आणि त्यातला किती पाळला, एवढे रोज रात्री स्वतःला विचारता आले, तर उद्याचे चार मैल चालायला बळ येते. आपल्या वाड्यातली, चाळीतली, शाळेतली लहानशी कामेसुद्धा याच वाटेने तडीस जातात.