ब्राउझर हायजॅकर आणि अ‍ॅडवेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्राउझर हायजॅकर म्हणजे वापरणाऱ्याला न विचारता, किंवा विचारल्याचा केवळ देखावा करून, ब्राउझरचे होमपेज, सर्च इंजिन आणि नव्या टॅबचे पान बदलणारा व तो बदल टिकून राहील अशी तजवीज करणारा प्रोग्रॅम. अ‍ॅडवेअर संकेतस्थळाने न ठेवलेल्या जाहिराती पानात घुसवते किंवा पडद्यावर आणून उभ्या करते. अनेकदा एकच प्रोग्रॅम दोन्ही कामे करतो.

त्याची लक्षणे ओळखीची आहेत. ब्राउझर उघडताच परके शोधपान येते. अ‍ॅड्रेस बारमध्ये लिहिलेला शब्द अनोळखी पत्त्यावरून फिरून मगच शोधनिकालांपर्यंत पोहोचतो. बातमीतल्या साध्या शब्दांना जाहिरातींचे दुवे फुटतात आणि कधीही न घेतलेले एक्स्टेन्शन यादीत दिसते.

या साऱ्यामागे व्यवसाय आहे. प्रत्येक वळवलेल्या शोधामागे, दाखवलेल्या जाहिरातीमागे आणि क्लिकमागे कोणाला तरी कमिशन मिळते. म्हणून हायजॅकर शक्यतो संगणक बंद पाडत नाही; संगणक चालू राहिला, त्यावर शोध होत राहिले, तरच त्याचे उत्पन्न चालते. हा हेतू लक्षात घेतला की पुढील बहुतेक गैरसमजांचा उलगडा होतो.

गैरसमज १ : हा व्हायरस आहे आणि तो बाहेरून कोणीतरी घुसवला आहे

व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो. हायजॅकर बहुतेक वेळा वापरणाऱ्यानेच दाबलेल्या ‘नेक्स्ट’ आणि ‘आय अ‍ॅग्री’ या बटणांवरून आत येतो. व्हिडिओ प्लेयर, पीडीएफ कन्व्हर्टर, डाउनलोड मॅनेजर अशा मोफत सॉफ्टवेअरसोबत त्याची मोट बांधलेली असते. इन्स्टॉल करताना ‘एक्स्प्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ हा पर्याय निवडला की आधीच खूण केलेल्या चौकटींसह सारे काही आत जाते. ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्याय निवडला, तर त्या चौकटी बऱ्याचदा दिसतात आणि रिकाम्या करता येतात.

ही पद्धत आडबाजूच्या संकेतस्थळांपुरती नव्हती. विंडोजवर जावा इन्स्टॉल करताना आस्क टूलबार घेण्याचा पर्याय कित्येक वर्षे आधीच खूण करून समोर येत असे. मुक्त सॉफ्टवेअरचे नावाजलेले भांडार असलेल्या सोर्सफोर्जनेही २०१३ पासून काही डाउनलोडसोबत अशी जोडणी सुरू केली होती. मालकी बदलल्यावर २०१६ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे ‘मी तर नामांकित ठिकाणाहूनच घेतले’ एवढ्याने खात्री होत नाही. इन्स्टॉल होतानाचा प्रत्येक पडदा वाचावाच लागतो.

गैरसमज २ : अँटिव्हायरस असला की काळजी नाही

संमतीचा हाच देखावा अँटिव्हायरसची अडचण करतो. वापरणाऱ्याने ‘होय’ म्हटलेले सॉफ्टवेअर घातक ठरवणे कायदेशीरदृष्ट्या आणि तांत्रिकदृष्ट्या अवघड असते. म्हणून या क्षेत्रात ‘संभाव्य नको असलेले सॉफ्टवेअर’ असा वेगळा वर्ग करण्यात आला. पीयूए किंवा पीयूपी या अक्षरांनी तो ओळखला जातो. या वर्गाला अडवायचे की नाही, हे अनेक उत्पादनांत वेगळ्या सेटिंगवर अवलंबून असते.

विंडोज १० मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी हे सेटिंग मे २०२० च्या आवृत्तीत आले, आणि ते आपोआप चालू ठेवण्यास मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून सुरुवात केली. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या विभागात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’खाली ते सापडते. जुन्या संगणकावर ते चालू आहे का, हे एकदा पाहून घेणे श्रेयस्कर.

गैरसमज ३ : नुसत्या जाहिराती आहेत, त्रास आहे, पण धोका नाही

लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ च्या उत्तरार्धात सुपरफिश नावाचे अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच घातलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती दाखवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले. बँकेच्या पानाशेजारी दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाचा भरवसा अशाच प्रमाणपत्रांवर उभा असतो. सुपरफिशची खासगी किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ती शोधून काढली. ती किल्ली हाती असलेला कोणीही सार्वजनिक वाय-फायवर बसून अशा लॅपटॉपसमोर बनावट बँक खरी म्हणून उभी करू शकला असता. जाहिरात दाखवण्याच्या खटपटीत संगणकाचे मुख्य दारच उघडे राहिले होते.

भारताचा संबंध असलेले उदाहरण फायरबॉलचे. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने बीजिंगच्या राफोटेक कंपनीशी जोडलेल्या या हायजॅकरची माहिती दिली. जगभरात २५ कोटी आणि एकट्या भारतात सुमारे अडीच कोटी संगणक बाधित असल्याचा तिचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला असावा, असे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात म्हटले. धोका खरा असल्याचे मात्र तिनेही मान्य केले. फायरबॉल होमपेज बदलून थांबत नव्हता, बाधित संगणकावर हवा तो प्रोग्रॅम उतरवून चालवण्याची क्षमता त्याच्यात होती. आज जाहिरात दाखवणारा मार्ग उद्या पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आणू शकतो.

गैरसमज ४ : अधिकृत स्टोअरमधले एक्स्टेन्शन कायम सुरक्षित असते

स्टोअरची तपासणी उपयोगी आहे, पण एक्स्टेन्शनची मालकी विकता येते आणि नवी आवृत्ती वापरणाऱ्याच्या नकळत आपोआप येते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब निजवून मेमरी वाचवणारे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेन्शन होते. जून २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते विकले. नव्या मालकाच्या काळात त्यात संशयास्पद भाग शिरल्याचे आढळले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. तोवर त्याचे वापरकर्ते २० लाखांहून अधिक होते. वर्षानुवर्षे चांगले चाललेले साधन असे बदलू शकते.

परवानगीचा मजकूर इथे महत्त्वाचा ठरतो. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी असलेले एक्स्टेन्शन ईमेल, बँकेचे पान, भरलेले अर्ज असे सारे पाहू शकते. हवामान दाखवणाऱ्या किंवा नव्या टॅबला चित्र लावणाऱ्या साधनाला तिची गरज नसते.

गैरसमज ५ : हा विंडोजचा आजार आहे, मॅक आणि मोबाइल त्यापासून मुक्त आहेत

मॅकवर श्लेयर हा प्रोग्रॅम अनेक वर्षे अ‍ॅडवेअर पसरवत राहिला. कॅस्परस्की कंपनीच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये तिचे उत्पादन वापरणाऱ्या दर दहा मॅकपैकी एकावर त्याचा प्रयत्न झाला. त्याचे आवडते सोंग फ्लॅश प्लेयरच्या अपडेटचे होते. अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला. त्यामुळे आज ‘फ्लॅश अपडेट करा’ असे सांगणारा प्रत्येक संदेश खोटा समजावा.

अँड्रॉइडवर टॉर्च, फोटो सजवणे, फोन ‘साफ’ करणे अशा नावांची अ‍ॅप्स स्वतःचे चिन्ह लपवून पूर्ण पडद्यावर जाहिराती दाखवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींमुळे प्ले स्टोअरमधून सुमारे ६०० अ‍ॅप्स काढली. चिन्ह दिसत नसले तरी सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत ते अ‍ॅप असते. ‘इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची’ परवानगी कोणाकडे आहे, हे पाहिले की ते लवकर सापडते. फोन सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर जाहिराती थांबल्या, तर दोष नंतर घेतलेल्या एखाद्या अ‍ॅपचाच असतो.

गैरसमज ६ : कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ असे येते, म्हणजे व्हायरस आहेच

पडद्याच्या कोपऱ्यात उठणारे असे इशारे बहुतेक वेळा ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून एखाद्या संकेतस्थळाने ती परवानगी मिळवलेली असते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘साइट सेटिंग्ज’खाली ‘नोटिफिकेशन्स’ची यादी उघडून अनोळखी पत्ते काढले की असे इशारे थांबतात.

संपूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारे पानही असेच पोकळ असते. वेबपानाला हार्ड डिस्क तपासता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन नंबर नसतो. त्या नंबरवर फोन केल्यास पलीकडचा माणूस ‘दुरुस्ती’च्या नावाखाली संगणकाचा ताबा आणि पैसे मागतो. अशा वेळी एस्केपची कळ दाबून धरावी. पान तरीही हटत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. तो पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत.

गैरसमज ७ : होमपेज बदलले किंवा ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल केला, की काम झाले

होमपेज हे फक्त दिसणारे लक्षण आहे. ते बदलणारा भाग पुढील ठिकाणी दडलेला असू शकतो.

- संगणकावरील वेगळा प्रोग्रॅम, जो दर वेळी सेटिंग पुन्हा लिहितो.
- विंडोजच्या टास्क शेड्युलरमधील नोंद. जानेवारी २०२२ पासून दिसू लागलेला क्रोमलोडर हा हायजॅकर अशाच नोंदीतून आपले एक्स्टेन्शन पुन्हा बसवत असे.
- डेस्कटॉपवरील ब्राउझरचा शॉर्टकट. त्याच्या ‘टार्गेट’ चौकटीत प्रोग्रॅमच्या नावापुढे एखादा पत्ता चिकटवलेला असतो.
- ब्राउझरची पॉलिसी. घरच्या संगणकावर ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असे दिसले आणि एक्स्टेन्शन काढण्याचे बटणच चालेना, तर हा संशय घ्यावा. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर मात्र ही सूचना रास्त असते.
- खात्याचे सिंक. एका संगणकावर पुसलेले एक्स्टेन्शन दुसऱ्यावर शिल्लक असेल, तर सिंकमुळे ते परत येऊ शकते.
- डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेचे, सेटिंग. डीएनएसचेंजर हा प्रोग्रॅम पसरवणाऱ्या टोळीने १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे पत्ते-शोधणे असेच वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती उघडकीस आणली.

ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल केला तरी वापरणाऱ्याचे प्रोफाइल अनेकदा तसेच राहते आणि त्यासोबत बिघाडही. इन्कॉग्निटो हा देखील उपाय नव्हे. त्यात एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. म्हणून तिथे त्रास थांबला, तर मूळ एक्स्टेन्शनमध्ये आहे एवढे निदान मात्र त्यातून होते.

गैरसमज ८ : फॉरमॅट करावे, नाहीतर नेटवर सापडेल ते ‘क्लीनर’ घ्यावे

बहुतेक हायजॅकर फॉरमॅट न करता निघतात. घाईने शोधलेले ‘रिमूव्हल टूल’ मात्र अनेकदा स्वतःच अ‍ॅडवेअर असते. जुने सल्लेही तपासून घ्यावे लागतात : क्रोममध्ये अंगभूत असलेले सफाईचे साधन गूगलने २०२३ मध्ये काढून टाकले, तरी ते वापरण्याच्या सूचना अजून फिरत असतात.

काढण्याचा योग्य क्रम

क्रमाला महत्त्व आहे. सेटिंग पुन्हा लिहिणारा प्रोग्रॅम आधी न काढता सेटिंग दुरुस्त केले, तर ते तासाभरात बिघडते.

१. ब्राउझरचे सिंक तात्पुरते बंद करावे.

२. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमाराची अनोळखी नावे अनइन्स्टॉल करावीत. मॅकवर ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ आणि ‘लॉगिन आयटम्स’ पाहावेत.

३. प्रत्येक ब्राउझरमधील अनोळखी आणि बिनवापराची एक्स्टेन्शन काढावीत. एक सापडल्यावर थांबू नये. गूगल आणि बर्कली येथील संशोधकांच्या २०१५ च्या पाहणीत जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे होते, त्यांतील निम्म्यांकडे अशी किमान दोन सॉफ्टवेअर होती.

४. नोटिफिकेशनच्या परवानग्या, सर्च इंजिनांची यादी, सुरुवातीची पाने आणि शॉर्टकट तपासावेत.

५. ब्राउझर रीसेट करावा. क्रोममध्ये रीसेट केल्यावर बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन बंद पडतात आणि कुकी पुसल्या जातात. फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’ने एक्स्टेन्शन निघतात, बुकमार्क आणि पासवर्ड टिकतात.

६. विंडोजच्या अंगभूत सुरक्षेने पूर्ण स्कॅन करावे. दुसरे मत म्हणून मालवेअरबाइट्सचे मोफत अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. पॉलिसी किंवा शेड्युलरमध्ये उरलेल्या नोंदी अशा साधनाने काढणे अधिक सुरक्षित. रजिस्ट्रीत हाताने केलेली चूक महागात पडते.

७. घरातील सर्वच उपकरणांवर तेच लक्षण असेल, तर राउटरमधील डीएनएस तपासून राउटरचा पासवर्ड बदलावा.

८. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे आणि सारे ठीक असल्यास सिंक चालू करावे.

व्यापक परवानगीचे एक्स्टेन्शन सापडले असेल, तर सफाईनंतर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि सर्व ठिकाणचे लॉगिन रद्द करावेत. सफाईच्या आधी बदललेला पासवर्डही त्याच्याच हाती पडतो.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सफाईची मोफत साधने उपलब्ध करून देते. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात ‘दूषितक’ घालणे भरपाईस पात्र ठरते, आणि त्याच्या व्याख्येत संगणकाच्या नेहमीच्या कामाचा ताबा घेणाऱ्या सूचनांचाही समावेश आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केले असल्यास कलम ६६ नुसार तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होतो.