टिकटिक ऐकू आली म्हणून लगेच हेड खोलू नका

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी नीरेचा पूल ओलांडून शिरवळला येते. तिथून पुढे खंडाळा आणि लगेच खंबाटकीचा चढ. त्यामुळे चहाला थांबल्यावर बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली की माणूस धास्तावतो आणि हायवेलगतच्या पहिल्या गॅरेजात गाडी घालतो. तिथे निदान बहुधा दोन शब्दांत उरकतं : टॅपेट वाजतंय. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. निदान खरंही असेल. पण तेवढ्यावर हेड खोलायला होकार देऊ नये, हे मला कळकळीने सांगायचंय. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, यावरून जास्त कळतं.

गैरसमज : टिकटिक म्हणजे टॅपेटच.

इंजिनात टिकटिकणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. इंजेक्टर उघडमीट करताना बारीक टकटक करतातच, ती निरोगी इंजिनातही असते. पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा छोटा व्हॉल्व्हही तसाच वाजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग फुटली असेल तर सकाळी थंड इंजिनावर टकटक येते आणि धातू तापून फुगला की कमी होते. फटीपाशी काजळीचा काळा पट्टा दिसला की शंका उरत नाही. डिझेल गाडीत इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळत असेल तर टकटकीत फकफक मिसळते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा थर साचतो.

जागा शोधायला लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. इंजिन आयडलवर ठेवायचं, टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. मग एकेक इंजेक्टर, मग मॅनिफोल्डजवळचं हेड. जिथे आवाज सर्वांत कोरडा आणि स्पष्ट, तिथे दोष. बेल्टपासून बाही आणि ओढणी लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

पेट्रोल गाडीत अनुभवी मिस्त्री आणखी एक परीक्षा करतो. एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काही सेकंद काढतो. टिकटिक पूर्ण थांबली तर तो इंजेक्टरचाच आवाज. जड ठोका एकदम हलका पडला तर संशय त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर, म्हणजे बिग एन्डवर. काहीच बदललं नाही तर टॅपेटकडे वळायचं. बिग एन्डचा ठोका टिकटिक नसतोच, तो खालून येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. तो ओळखू आला तर घाटाचा विचार सोडून गाडी टो करावी.

गैरसमज : टॅपेट जितके शांत तितके चांगले.

याने नुकसान सर्वांत जास्त होतं, कारण ते ऐकू येत नाही. ज्या इंजिनांत टॅपेट हाताने सेट करतात, तिथे थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तिला ती जागा लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाजच नको," आणि फट आवळली जाते. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून बाहेर जाते. तो रस्ता बंद झाला की व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि चढावर गाडी ओढत नाही.

सीएनजीवरच्या गाड्यांनी तर हे मनावर घ्यावं. सीट झिजून व्हॉल्व्ह आत सरकतो, फट कमी होते आणि इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटू लागतं. म्हणून टॅपेट फिलर गेज घालून आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणेच सेट करायचे. इंजिन थंड हवं की गरम, तेही कंपनी सांगेल तसं.

गैरसमज : जाड ऑईल टाका, आवाज जाईल.

कधीकधी जातो, पण दोष आतच राहतो. मारुती स्विफ्टचं 1.3 लिटर डिझेल घ्या. त्यात टॅपेट हायड्रॉलिक आणि टाइमिंगला चेन. टॅपेट आणि चेनचा ताण दोन्ही ऑईलच्या दाबावर. अशा इंजिनात 20W-50 ओतलं तर थंडीच्या सकाळी ते बारीक वाटांतून वर चढायलाच उशीर लावतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. हायड्रॉलिक टॅपेट चालू केल्यावर क्षणभर टिकटिकून गप्प झाले तर घाबरण्याचं कारण नाही. गरम होऊनही वाजत राहिले तर आधी योग्य ग्रेडचं ऑईल आणि चांगला फिल्टर घाला.

गैरसमज : ऑईलचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑईल भरपूर आहे.

तो दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. ऑईल बरंच खाली गेलं तरी सपाटीवर तो विझलेलाच राहू शकतो, आणि चढावर किंवा वळणावर ऑईल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. सपाट जागी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. पहिली तपासणी हीच, आणि फुकटची. चालत्या गाडीत दिवा लागलाच तर सुरक्षित जागी लगेच इंजिन बंद करा. पुढच्या पंपापर्यंतही नेऊ नका.

गैरसमज : घाटात आवाज आला, म्हणजे घाटातच बिघाड झाला.

काचा खाली असतील आणि कातळाची कड जवळ असेल तर इंजिनाचा आवाज परतून कानावर येतो. जुनीच टिकटिक तिथे नव्याने ऐकू येते. फक्त चढावर, वरच्या गियरमध्ये रखडत असताना येणारी बारीक धातूची खडखड मात्र वेगळी. ती टॅपेटची नसते, सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकण्याची असते. आधी ॲक्सिलरेटर हलका करा, एक गियर खाली घ्या, इंजिनाला थोडं पळू द्या. आवाज तिथेच थांबला तर साताऱ्याला पोचल्यावर प्लग, पेट्रोल आणि कार्बन तपासून घ्या. टॅपेटला हात लावायची गरज नाही.