गाठ शोधणारी झडती

१३ मार्च १८९७ला पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोजिरांकरवी घरझडती सुरू केली. तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या पोराला पाठीवर घेऊन त्या हडपसरच्या माळावरच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. तो दवाखाना चालवणारा त्यांचा मुलगा यशवंतही लष्करी नोकरीतलाच डॉक्टर, म्हणजे दोष गणवेशाचा म्हणता येत नाही. दोष हुकमाचा होता. सोजीर दारात आले की सामान अंगणात, जमीन उकरलेली, भिंतीला चुना. रोगी संगमावरच्या रुग्णालयात, घरचे स्वारगेटच्या छावणीत. बायकांच्याही काखा-जांघा चारचौघांत तपासल्याच्या तक्रारी झाल्या. मग ताप आलेलं माणूस माळ्यावर लपवलं जाणार नाही तर काय होणार?

लोक आधीपासूनच लपवत होते, म्हणून सक्ती लागली, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे; विलगीकरण टिळकांनाही मान्य होतं आणि हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पण सक्तीनं लपवणं थांबत नाही, जागा बदलते. मे महिन्यात साथ उतरली याचं श्रेय झडतीला द्यावं, तर उन्हाळ्यात प्लेग तसाही ओसरतो, आणि त्याच वर्षी तो पुन्हा उसळला. मुळात शोध चुकीच्या जागी चालला होता. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे सिमोंनं कराचीत दाखवलं ते १८९८ साली. तोवर १८९७च्या २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडून झाली होती.

या झडतीमागचा १८९७चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातलं चौथं कलम अधिकाऱ्यांना दाव्यांपासून वाचवतं. रोग्याच्या हक्काबद्दल एक ओळ नाही. तोच कायदा मार्च २०२०मध्ये करोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, आणि घरोघर जायचं काम या खेपेला आशाताईंवर आलं. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात आशा ही गावचीच सून किंवा लेक असते. तिला कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कोण बाळंतीण आहे हे वहीत बघावं लागत नाही. सोजिरांकडे नव्हतं ते नेमकं हेच. पण ओळखीलाही मर्यादा असते: साथीत ओळखीची दारंही बंद झाली. केंद्रानं त्याच वर्षी कायदा सुधारून आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला अजामीनपात्र केला. आशाला मिळतं ते अजूनही मानधनच, पगार नव्हे.