तळाच्या माशाचंही पान वाढा

शोभेचे मासे पाळायची हौस आता मोठ्या बंगल्यांपुरती राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही टीव्हीशेजारी लहानशी काचेची टाकी दिसते आणि तिच्यात बहुधा एकच मासा असतो, फायटर. निळा, लाल, जांभळा, आणि शेपटी कशी, तर पैठणीच्या पदरासारखी! मुलांनी हट्ट धरलेला असतो, वडिलांनी आणून दिलेला असतो, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचं खाणं आणि पाणी कुणाच्या वाट्याला येतं, ते मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला नको.

महिन्या-दोन महिन्यांनी मग घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक सासूबाईंचं, "बिचारा एकटाच आहे गं, त्याला कुणीतरी सोबत आणा." दुसरं दुकानदाराचं, "वहिनी, दोन कॅटफिश घेऊन जा. खाली पडलेलं सगळं खातात, टाकी साफ राहते, तुमचं काम वाचेल." काम वाचेल म्हटल्यावर आपण कशाला नाही म्हणतोय!

पण हे काम वाचणं खरं नाही. तळाला राहणारा मासा टाकी साफ करत नाही. तो विष्ठा खात नाही (वर्गात मी माशांचा विषय काढला, की पहिला प्रश्न हाच असतो, "बाई, तो शी खातो का?"), काचेवरचं शेवाळ खरवडत नाही, उलट स्वतःची घाण पाण्यात टाकतो. खाली पडलेला एखादा दाणा तो वेचतो, एवढंच. आता टाकीत एकुलता एक फायटर, त्याला दिवसाला आठ-दहा दाणे, आणि तेही तो वरच्या वर गट्ट करणार. खाली उरतं काय? आमच्या ओळखीच्या एका घरी असे दोन कॅटफिश आणले होते. "ते खालचं खातात" म्हणून त्यांना वेगळं कुणी काही घातलं नाही. पोटं आत गेली, हालचाल मंदावली, आणि तीन-चार आठवड्यांत दोन्ही गेले. पाणी स्वच्छ होतं, आजार नव्हता. उपासमार झाली, दुसरं काही नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन कुणाचं भागतं, हा समज आपल्या घरांतून जायला किती वर्षं लागली ते आपण जाणतोच. निदान माशांच्या बाबतीत तरी तो पुन्हा आणू नये.

तरीही फायटरबरोबर तळाचे मासे ठेवता येतात, आणि नीट ठेवले तर फार गोड दिसतात. त्यासाठी आधी दोघांचे स्वभाव समजून घ्यावेत.

फायटर मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. भाताची खाचरं, दलदल, संथ उथळ पाणी हे त्याचं घर. डोक्यात कल्ल्यांच्या वर त्याला एक खास अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन सरळ हवेतला प्राणवायू घेतो. म्हणूनच तो लोणच्याच्या बरणीतही तग धरतो आणि लोक त्याला बरणीत ठेवतात. तग धरणं वेगळं आणि सुखात राहणं वेगळं. एका नराला दुसरा नर चालत नाही, लांब पिसाऱ्याचा रंगीत मासाही त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. एकटं राहणं मात्र त्याला खुपत नाही. सासूबाईंना तेवढं जरूर सांगा.

तळाचा सोबती म्हणून योग्य तो कोरिडोरास, दुकानात ज्याला नुसतं 'कोरी' म्हणतात. हा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंडाशी आखूड मिशा, आणि मधूनच डोळा मिचकावल्यासारखा फिरवायची लकब! मुलं त्यावरच खूश होतात. रंगाने साधा, खाली वावरणारा, भांडण न काढणारा, त्यामुळे फायटर त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण कोरी हा कळपातला जीव. एक-दोन आणले तर ते कोपऱ्यात दबून बसतात. एकाच जातीचे सहा तरी हवेत. म्हणजे एकटं ठेवायला हरकत नाही तो फायटर, आणि सोबत खरी हवी ती कोरीला. आपण बरोबर उलटं करतो!

सहा म्हटले की टाकीचा प्रश्न आला. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्ही आकडे गुणा आणि १००० ने भागा, की लिटर निघतात. ४५ × ३० × ३० म्हणजे ४० लिटर. एवढ्यात फायटर आणि जेमतेम इंचभर वाढणारे सहा पिग्मी कोरी राहतील. नेहमीचा ब्राँझ कोरी अडीच इंचांपर्यंत जातो, त्याला दोन फुटी, म्हणजे साधारण ५४ लिटरची टाकी बरी. गोल भांडं किंवा दहा-पंधरा लिटरची पेटी असेल, तर हा विचार सोडूनच द्या. फायटर एकटा राहू दे, त्याला दोन जिवंत रोपं आणून द्या.

दुकानात गेल्यावर नाव नीट विचारा. 'कॅटफिश' म्हणून काहीही हातात देतात. काचेला तोंडाने चिकटून राहणारा काळपट 'सकर' फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. चंदेरी, 'शार्क' म्हणून विकतात तो पंगस तर मीटरभर वाढणारा मासा, तो दिवाणखान्यात मावेल कसा? वाढलेला सकर मग कुणीतरी नदीत सोडून येतं, पुण्य केल्याच्या भावनेने. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत असा सकर सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडच्या नद्या-तलावांत हे परदेशी पाहुणे माजले की स्थानिक माशांचं खाणं पळवतात आणि कोळ्यांची जाळी फाडतात. तेव्हा नको झालेला मासा दुकानात परत द्यावा, पाण्यात सोडू नये.

कोरींच्या जातींतही थोडी निवड आहे. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. पांडा आणि पेपर्ड यांना जरा गार पाणी आवडतं. ब्राँझ किंवा स्टर्बाय फायटरशी जुळवून घेतात. पाणी २५-२६ अंशांवर राहिलं की दोघांचं जमतं. मुंबई-कोकणात फारसं काही करावं लागत नाही, पण पुणे, नाशिक, नागपूरकडे थंडीत हीटर हवाच. पन्नास लिटरला ५० वॉटचा पुरतो. पाण्यात हात घालण्याआधी तो बंद करायची सवय मुलांनाही लावा.

तळाशी काय अंथरता याला फार महत्त्व आहे. कोरी दिवसभर जमिनीत तोंड खुपसून मिशांनी खाणं शोधतो. धारदार रंगीत खड्यांनी त्या मिशा घासल्या जातात, आणि खड्यांच्या फटींत कुजलेलं खाणं साठलं तर त्या झडतातच. बारीक, गोलसर वाळू घ्या आणि तांदूळ धुतो तशी पाणी नितळ निघेपर्यंत धुवा.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते दह्याच्या विरजणासारखं आहे, जपावं लागतं. स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीनने विरजणच मरतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नवं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवा, नाहीतर क्लोरीन घालवायचे थेंब टाका. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश!

आणलेले कोरी शक्यतो दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत. पांढरे ठिपके वगैरे असतील तर तिथेच कळतात. मग टाकीत सोडताना पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, अर्धा तास थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला, आणि मासे वाटीने उचलून सोडा. जाळीत त्यांचे पंखाचे काटे अडकतात, आणि काटा बोटाला लागला तर चांगलाच झोंबतो. पिशवीतलं पाणी ओतून द्यावं. फायटर आधीपासून असेल तर सगळी टाकी तो स्वतःची समजतो. त्याला तासभर भांड्यात काढा, दगड-रोपांच्या जागा बदला, दिवा बंद करा, मग कोरी आणि शेवटी तो. पहिल्या दिवशी गाल फुगवून एक-दोन फेऱ्या मारेल, ते चालतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाठलाग करत असेल, कोरींचे पंख कुरतडलेले दिसत असतील, तर वेगळं करणंच बरं. काही फायटर मुळातच तापट.

कोरी अचानक सुर्रकन वर येऊन पुन्हा खाली जातो, त्याने घाबरू नका. तोही हवा गिळतो, आणि त्याचं आतडं तिच्यातला प्राणवायू शोषून घेतं. सारखाच वर येऊ लागला तर मात्र पाणी तपासा. दोघांनाही वर हवा लागते, म्हणून झाकण आणि पाणी यांत दोन बोटं अंतर ठेवा. झाकण हवंच, फायटर उडी मारतो.

आता जेवण. फायटरला सकाळ-संध्याकाळ चार-पाच तरंगते दाणे, एका कोपऱ्यात. कोरींना बुडणारी गोळी, रात्री दिवा मालवल्यावर, दुसऱ्या टोकाला, रोपाच्या आडोशाला. फायटर मोठा हावरट, उजेडात खाली उतरून तीही लंपास करतो आणि पोट फुगवून बसतो. आठवड्यातून एक दिवस त्याला उपास घडवा, एकादशी समजा हवं तर. कोरींची पोटं अधूनमधून बाजूने पाहा, किंचित गोल हवीत. सकाळी गोळी तशीच उरलेली दिसली तर काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी अर्धीच घाला.

मे महिन्यात माहेरी जाताना शेजारणीला डबा देऊ नका, माया म्हणून ती मूठभर ओतते आणि पाणी नासतं. एकेका दिवसाच्या कागदी पुड्या बांधून, वर वार लिहून द्या. मधला एखादा वार रिकामा सोडलात तरी चालेल, धडधाकट माशांना ते सोसतं.